रोगाला कसली आलीय लाज?

गणिताच्या एका प्राध्यापकानं शंभर वर्षांपूर्वी नोकरी सोडली, पण गुप्तरोगांवर आणि संततिनियमनावर उघडपणे बोलणं सोडलं नाही. त्यांचं नाव र. धों. कर्वे. झरी जामणीत राहणाऱ्या तुमच्या-माझ्यासाठी त्यांची गोष्ट अजून जुनी झालेली नाही.

मुकुटबनच्या नाहीतर पाटणच्या मेडिकलसमोर तुम्ही कधी असे उभे राहिलात का? दुकानात गर्दी आहे, त्यात ओळखीचा एक काका. मग तुम्ही उगाच मोबाईल बघत बसता. सगळे गेले की हळू आवाजात काय पाहिजे ते सांगता, दुकानदार ते पेपरात गुंडाळून देतो आणि तुम्ही मागं न बघता निघता. काही पोरं तर तेवढंही करत नाहीत. जळजळ होते, जखम झालीय, पण सांगायचं कुणाला? मित्राला सांगितलं तर तो गावभर करेल. डॉक्टर ओळखीचा निघाला तर घरी कळेल. मग काय, अंगावर काढायचं.

असं अंगावर काढणाऱ्यांसाठी एक माणूस आयुष्यभर भांडला. त्याचा अर्धाच भाग तुम्ही शाळेत शिकलाय, तोही वडिलांच्या नावानं. महर्षी धोंडो केशव कर्वे, स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू, भारतरत्न. त्यांचे थोरले चिरंजीव म्हणजे रघुनाथराव. त्यांच्यावर धडा सहसा नसतो. का नसतो, ते पुढं कळेलच.

बहिष्कृत घरातला हुशार मुलगा

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. घर कोकणातल्या मुरुडचं. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई गेल्या. दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, वडिलांनी एका विधवेशी लग्न केलं. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. मुरुडनं कर्व्यांना वाळीत टाकलं. अकरा वर्षांच्या पोरानं हे सगळं जवळून पाहिलं. वडील काही वाईट करत नव्हते, तरी गाव त्यांच्याशी बोलत नव्हतं.

मुलगा हुशार निघाला. १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकला आणि गणिताचा प्राध्यापक झाला. पुढं १९१९ मध्ये उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेला. तिथं त्यांना गणितासोबत आणखी एक गोष्ट दिसली. स्त्री-पुरुष संबंध, मूल होणं, न होणं, रोग होणं यावर शास्त्र म्हणून लिहिता येतं, वाचता येतं आणि वाचून कुणी बिघडत नाही.

परत आल्यावर ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले आणि १९२१ मध्ये पत्नी मालतीबाईंच्या साथीनं संततिनियमन केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपलं प्रसिद्ध केंद्र उघडलं तेही १९२१ मध्येच. म्हणजे या बाबतीत मुंबई जगाच्या मागं नव्हती. मागं होता तो समाज.

गरमी, परमा आणि शरम

त्या काळात या रोगांची स्थिती काय होती, ते समजून घ्या. सिफिलिसला लोक गरमी म्हणत, वैद्य उपदंश म्हणत. गोनोऱ्हिया म्हणजे परमा. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात फिरंग रोग असं नाव येतं, कारण हा रोग फिरंग्यांबरोबर, म्हणजे पोर्तुगीजांबरोबर आला असं मानलं गेलं. गंमत बघा. रोग कुणीतरी दुसऱ्यानं आणला, हे सांगायची घाई तेव्हाही होती. तो आपल्याकडं कसा पसरतो, हे बोलायची तयारी मात्र नव्हती.

गरमी या नावानं तर फार घोळ घातला. नाव गरमी, म्हणून लोकांना वाटायचं की अंगात उष्णता वाढली असेल. मग थंड पदार्थ खा, उन्हात जाऊ नका, सब्जा प्या. आजही हे ऐकू येतं. पण गरमीचा उष्णतेशी काही संबंध नाही. तो जंतूनं होतो. परम्याचा जंतू १८७९ मध्येच सापडला होता आणि सिफिलिसचा १९०५ मध्ये. १९०६ मध्ये सिफिलिसची रक्तचाचणीही आली.

म्हणजे रघुनाथरावांनी काम सुरू केलं तेव्हा कारण माहीत होतं आणि चाचणीही होती. अडचण होती ती उपचाराची. आधी पारा द्यायचे. १९१० नंतर आर्सेनिकपासून बनवलेलं साल्व्हर्सन हे औषध आलं, पण त्याची इंजेक्शनं पुन्हापुन्हा घ्यावी लागत आणि त्रासही होई. पेनिसिलिननं सिफिलिस बरा होतो, हे १९४३ मध्ये कळलं. तोवर रोग न होऊ देणं हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग होता. म्हणून रघुनाथरावांनी संततिनियमनावर पुस्तक लिहिलं, तसं ‘गुप्तरोगापासून बचाव’ हेही पुस्तक लिहिलं. नावातच सगळं आलं. त्यांचा भर पापपुण्यावर नव्हता, बचावावर होता.

कॉलेज की काम?

विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचं होतं. तिथल्या प्राध्यापकानं असल्या विषयावर जाहीर काम करावं, हे व्यवस्थापनाला पटेना. शेवटी काम थांबवा नाहीतर नोकरी सोडा, अशी वेळ आली. १९२५ मध्ये रघुनाथरावांनी राजीनामा दिला. पक्का पगार आणि समाजातली इज्जत एका कागदावर सोडून दिली.

तुम्ही म्हणाल, एवढा हट्ट कशाला? गणित शिकवायचं, रविवारी समाजसेवा करायची. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. ज्या गोष्टीनं माणसं आजारी पडतात, बाया बाळंतपणात मरतात, ती लपून करायची सेवा ठरली, तर मूळ दुखणं तसंच राहणार. लाज आधी जायला हवी.

नवरा-बायकोनं मिळून मूल न होऊ द्यायचं ठरवलं, तेव्हा शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. आज शंभर वर्षांनीही आपल्याकडं नसबंदीच्या रांगेत बहुतेक बायकाच असतात. आपल्या गावात एकदा मोजून बघा.

मासिक आणि खटले

१५ जुलै १९२७ ला ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकाचा पहिला अंक निघाला. रघुनाथराव ते जवळजवळ एकट्याच्या जिवावर चालवत. लिहायचं त्यांनी, छापायला द्यायचं त्यांनी, तोटा सोसायचा त्यांनी. लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, संततिनियमन, आहार, वेश्याव्यवसाय, बायकांचे हक्क असे विषय असत. बाईलाही इच्छा असते आणि तिच्या शरीरावर तिचा हक्क असतो, हे ते त्या काळात लिहीत होते. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र असायचं. शरीरात लाजण्यासारखं काही नाही, ही त्यामागची भूमिका. लोक खवळायचे, पण अंक वाचायचे.

मासिकातला वाचकांच्या प्रश्नांचा भाग फार महत्त्वाचा. लोक पत्रानं प्रश्न विचारायचे. हस्तमैथुनानं अशक्तपणा येतो का, समलिंगी ओढ वाटते, काय करू, असे प्रश्न. आज तुम्ही रात्री मोबाईलवर गुपचूप शोधता, तेच. रघुनाथराव साध्या भाषेत, शास्त्राला धरून उत्तरं द्यायचे. घाबरवायचे नाहीत आणि प्रवचनही द्यायचे नाहीत.

याचीच शिक्षा झाली. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या एका लेखासाठी अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड पडला. १९३४ मध्ये वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला. या वेळी त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा गाजवून आलेला, देशभर नाव असलेला नेता एका छोट्या मासिकासाठी कोर्टात उभा राहिला. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही, आणि लोक प्रश्न विचारत असतील तर जाणकारानं उत्तर दिलंच पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. तरीही खटला हरला. २०० रुपये दंड झाला. १९४० मध्ये तिसरा खटला झाला.

१९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. नोकरी नाही, मूलबाळ नाही, साथीदारही गेली. मासिक तरीही निघत राहिलं. १९५२ मध्ये भारत सरकारनं कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असं करणारा भारत जगातला पहिला देश. ज्या कामासाठी नोकरी गेली, तेच सरकारी धोरण झालं. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ ला रघुनाथराव गेले. त्यांच्या जाण्याबरोबर मासिकही थांबलं. वडील महर्षी कर्वे त्यांच्यानंतर नऊ वर्षं जगले. पुढं २००१ मध्ये अमोल पालेकरांनी रघुनाथरावांवर ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा केला. मिळाला तर बघा.

त्यांनी सुचवलेली काही साधनं आणि औषधं आता इतिहासजमा झाली आहेत. विज्ञान पुढं गेलं. पण एक गोष्ट टिकली. रोग झालेल्या माणसाला ते रोगी समजत, पापी नाही.

आता आपल्या तालुक्यात या

झरी जामणीचं नाव राज्यात पोचलं ते कापूस-सोयाबीनमुळे नाही. कुमारी मातांमुळे पोचलं. लग्नाचं आमिष दाखवून कामाधंद्यासाठी आलेले पुरुष निघून गेले आणि कोलाम पोडांवरच्या पोरी लेकरं घेऊन मागं राहिल्या. पत्रकार आले, फोटो काढले, समित्या आल्या. पोरींकडं बोट दाखवलं गेलं. निघून गेलेल्यांची नावं मात्र फारशी कुणी विचारली नाहीत.

रघुनाथराव असते तर त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला असता असं वाटतं. पोट दिसलं म्हणून गोष्ट कळली. पण ज्या असुरक्षित संबंधातून गर्भ राहतो, त्यातूनच रोगही येतो, आणि रोग दिसत नाही. तो कुणी तपासला? त्या पोरींना गरमी, परमा, कावीळ ‘ब’, एचआयव्ही यांची माहिती कुणी दिली? आणि दिली असेल तर ती मराठीत दिली की तिच्या कोलामीत?

पलीकडच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. त्याचा अहवाल १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे जवळजवळ सगळं गाव दुखणं अंगावर काढत होतं आणि कुणी कुणाला सांगत नव्हतं. त्याच डॉ. राणीताईंनी पुढं पोरापोरींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली. रघुनाथरावांचं काम असं विदर्भात चालू राहिलं.

नेमकं काय होतं?

आता मुद्द्याचं. संबंधांतून पसरणारे जंतू, विषाणू आणि परजीवी तीसपेक्षा जास्त आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात रोज दहा लाखांहून जास्त लोकांना यातले बरे होणारे संसर्ग नव्यानं होतात. तेव्हा हे फक्त वाईट माणसांना होतं, हे डोक्यातून काढा.

गरमीत आधी जननेंद्रियावर, गुदद्वाराजवळ किंवा तोंडात जखम होते. ती बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते. इथंच माणूस फसतो. वाटतं, बरं झालं. पण जंतू आतच असतो. मग तळहात-तळपायावर, अंगावर पुरळ येतं, तेही जातं. उपचार नाही झाला तर काही जणांत बऱ्याच वर्षांनी हृदय आणि मेंदूवर परिणाम होतो. गरोदर बाईकडून तो बाळाला जातो. म्हणून गरोदरपणात सिफिलिसची तपासणी करतात.

परम्यात पुरुषाला लघवीला जळजळ होते, पू येतो. बाईला मात्र अनेकदा काहीच जाणवत नाही. क्लॅमिडियाचंही तसंच. आतल्या आत गर्भनलिका खराब होतात आणि काही वर्षांनी मूल होत नाही म्हणून तिलाच बोल लावला जातो. हर्पिसमध्ये दुखरे फोड येतात. एचपीव्हीच्या काही प्रकारांनी चामखिळी होतात, काहींनी गर्भाशयमुखाचा कर्करोग. एचआयव्ही तर वर्षानुवर्षं गप्प बसतो.

बायकांनो, अंगावरून पांढरं जाणं हे दर वेळी रोगाचं लक्षण नसतं. पण वास, खाज, रंग बदलणं, ओटीपोटात दुखणं, संबंधाच्या वेळी दुखणं असं असेल तर दाखवा.

हे संसर्ग पसरतात योनीमार्गातून, गुदमार्गातून आणि तोंडातून होणाऱ्या संबंधांतून. एचआयव्ही, कावीळ ‘ब’ आणि सिफिलिस रक्तातून आणि आईकडून बाळालाही जाऊ शकतात. सोबत जेवल्यानं, हात मिळवल्यानं किंवा मच्छर चावल्यानं एचआयव्ही होत नाही. आणि कुमारिकेशी संबंध ठेवला की रोग बरा होतो, ही भयंकर थाप आहे. असं करणारा बरा होत नाही, तो आणखी एक आयुष्य बरबाद करतो. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायद्यानं तो गुन्हा आहे, तिची संमती होती असं सांगून सुटता येत नाही.

बचाव कसा?

निरोध वापरा. दर वेळी, सुरुवातीपासून. सरकारनं १९६८ मध्ये आणलेलं हे नाव इतकं रुळलं की कंडोमलाच लोक निरोध म्हणू लागले. सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. हर्पिस आणि एचपीव्ही कातडीला कातडी लागूनही जातात, म्हणून निरोधानं त्यांचा धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. कावीळ ‘ब’ आणि एचपीव्हीवर लस आहे. एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात घेतली तर सगळ्यात चांगली. घरात धाकटी बहीण असेल तर तिच्यासाठी चौकशी करा.

लक्षण दिसलं तर मेडिकलमधून अंदाजानं गोळ्या घेऊ नका. अर्धवट गोळ्यांनी जंतू निर्ढावतात. परम्याच्या जंतूनं तर बरीच औषधं निकामी करून टाकली आहेत. डॉक्टरनं दिलेला डोस पूर्ण घ्या आणि जोडीदाराचाही उपचार करा. एकानंच औषध घेतलं तर रोग दोघांमध्ये फिरत राहतो. गरमी आणि परमा पूर्ण बरे होतात. एचआयव्ही बरा होत नाही, पण रोज औषध घेतलं तर माणूस लांब आयुष्य जगतो, आणि हे औषध सरकारकडून मोफत आहे.

रघुनाथरावांच्या वाचकाला हे सगळं विचारायला पोस्टकार्ड लागायचं, आणि उत्तर देणाऱ्याला कोर्टात जावं लागायचं. तुम्हाला तसं काही लागत नाही. दवाखान्याच्या खिडकीपाशी आवाज थोडा मोठा करावा लागतो, एवढंच. पहिल्यांदा जड जाईल. मित्राला सोबत न्या. आणि उद्या एखादा मित्र तुम्हाला असं काही सांगेल तेव्हा हसू नका, गावभर करू नका. त्याला गाडीवर बसवा आणि दवाखान्यात घेऊन जा.

हे जवळ ठेवा

• एचआयव्ही-एड्स आणि लैंगिक आजारांची माहिती : १०९७ (मोफत फोन).
• अठरा वर्षांखालील मुलामुलींवर अत्याचार होत असेल तर : १०९८.
• सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. पहिली तपासणी निगेटिव्ह आली, पण धोका नुकताच झाला असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा करा.
• जबरदस्ती झाली किंवा एचआयव्हीचा धोका झाला तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. संसर्ग टाळणारी औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं.
• एचआयव्ही आहे म्हणून नोकरी, शाळा किंवा उपचार नाकारणं २०१७ च्या कायद्यानं बेकायदा आहे.
• आशाताईंना विचारायला लाजू नका. पोडावर जाऊन कोलामीत किंवा गोंडीत सांगता येत असेल, तर हे पान तुम्हीच वाचून दाखवा.